गुणवंतरावांचं शोकभाषण

गुणवंतराव सातवी शिकलेले, तीन एकर धानाची शेती करणारे; पण मूल तालुक्यातल्या त्यांच्या गावात त्यांच्या भाषणाशिवाय मेलेल्याला सुटका नव्हती. सरण पेटलं की घाटावर शोकसभा आणि शेवटचे वक्ते गुणवंतराव, ही बावीस वर्षांची रीत. ही कला ते निवडणुकीच्या सभांत शिकले. पुढारी काय बकतो ते सोडून द्यायचं, लोक कुठे टाळ्या वाजवतात तेवढं हेरायचं. एकाच उत्तराचे तीन प्रश्न ओळीनं विचारायचे. तिसऱ्या प्रश्नानंतर गप्प राहून उत्तर लोकांच्याच तोंडून काढायचं. दारू पिऊन बायकोला बडवणाऱ्यांनाही त्यांनी असंच देवमाणूस करून पोचवलं होतं.

शेजारचा देवाजी मेला तेव्हा मात्र त्यांना मनापासून बरं वाटलं. अकरा वर्षांचं वैर. देवाजीनं दरसाल धुरा, म्हणजे दोन शेतांमधला बांध, कोरून यांची वीत वीत जमीन खाल्ली आणि तहसीलात यांचं कोणी ऐकलं नाही. आता सारं गाव समोर बसणार होतं. त्याचं नाव कायमचं खराब करायची ही शेवटची संधी, आणि ती सोडायला गुणवंतराव काही संत नव्हते. सकाळी गोठ्यात बैलांसमोर त्यांनी भाषण दोनदा म्हणून पाहिलं.

अग्नी देवाजीच्या एकुलत्या लेकीनं, दिव्यानीनं दिला. ती सरणाजवळच उभी होती. तिच्याकडे न बघता गुणवंतराव सुरू झाले.

"माह्या शेताचा धुरा कोनं कोरला? देवाजीनं. नहराचं पाणी कोनं अडवलं? देवाजीनं. माहे बैल कोंडवाड्यात कोनं टाकले?"

ते थांबले. लोक कचरले, पण इतक्या वर्षांची सवय जाते कुठे. "देवाजीनं," दोनचार जण पुटपुटले.

गुणवंतरावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "आयकू नाई आलं, भाऊ. कोनं टाकले?"

"देवाजीनं," या वेळी अख्खा घाट बोलला.

"अन् माह्या बापाचं सरण जळून राह्यलं, तवा त्याच्यावर तोंड कोनं टाकलं?" दिव्यानीनं विचारलं. आवाज चढलेला नव्हता. चाल मात्र तीच होती.

"गुणवंतरावनं," अख्खा घाट बोलला.

बोलून गेल्यावर लोकांना कळलं, आपण काय बोललो ते. तरी एकानंही शब्द मागे घेतला नाही.