गोधडीची आईकडची बाजू

माझी मुलगी दोन महिन्यांची होती तेव्हा आईने तिच्या विहिणीसाठी, म्हणजे माझ्या सासूसाठी, गोधडी शिवायला काढली. मी बाळंतपणाला नरपडला आईकडे आले होते. सासर तलासरीकडच्या पाड्यावर. पहिलं मूल घेऊन मुलगी सासरी परत जाते तेव्हा तिने रिकाम्या हाताने जाऊ नये, असं आईचं म्हणणं. दुसरं देण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतं. जुन्या साड्या होत्या आणि आईचे हात होते.

आई चिकूच्या वाडीत कामाला जायची. वाडीच्या मालकिणीने तिला खिडकीचा एक जुना पडदा दिला होता. गडद निळा, जाड, घट्ट विणीचा. तो तिने जमिनीवर अंथरला. त्यावर साड्यांचे तीन थर आणि सगळ्यात वर तिची हिरवी साडी, जी नेसून ती मला पहिल्यांदा शाळेत सोडायला आली होती. पडदा इतका जाड होता की नेहमीची सुई शिरेना. मग तिने पोती शिवायची सुई काढली.

ती दाराच्या बाजूला बसायची, मी भिंतीच्या बाजूला. दोघींनी आपापल्या काठापासून आत आत यायचं आणि मधे भेटायचं. बाळाला आम्ही गोधडीच्या मधोमधच निजवायचो. उठून तिला घ्यायचं झालं की आई आधी सुई अंबाड्यात खोचायची. मलाही तिने तीच सवय लावली. मुलाच्या आसपास सुई खाली ठेवायची नाही.

आईच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरला होता. दोरा ओवायला ती सुई दाराकडे धरायची, दोनदा प्रयत्न करायची, मग माझ्याकडे द्यायची. मी ओवून द्यायचे. लहानपणापासून मी तिच्या गोधड्या बघितल्या होत्या. तांदळाच्या दाण्याएवढा टाका असायचा तिचा. आता टाके लांब पडत होते, एक इकडे, एक तिकडे. ओळ सरळ निघायची आणि पुढे जाऊन दुसऱ्या ओळीवर चढायची.

मला सासूची भीती वाटत होती. सासू वाईट नव्हती, पण गोधडीतलं तिला फार कळायचं आणि तोंडावर बोलायची. शेजारच्या सुनेने माहेरून आणलेली गोधडी तिने एकदा सगळ्यांसमोर उलटी केली होती. म्हणाली, "काय गं, हे टाके आहेत की झोपाळे? कोंबडीचा पाय अडकला तर कोंबडी जायची." सगळ्या हसल्या. मीही हसले. ती सून घरात गेली ती परत बाहेर आली नाही.

आईच्या ओळी बघितल्या की मला ती कोंबडी आठवायची.

आई सकाळी वाडीत गेली की मी बाळाला पाजून निजवायचे आणि आईच्या बाजूने बसायचे. तिचे आदल्या दिवशीचे टाके उसवायचे आणि त्या जागी माझे बारीक टाके घालायचे. उसवलेला दोरा तिला दिसू नये म्हणून चुलीत टाकायचे. तिला नीट दिसत नाही, तिला कळणार नाही, असं मला वाटत होतं.

ती आली की हातपाय धुऊन गोधडीपाशी बसायची. काठावरून अंगठा फिरवायची.

"आज बरंच काम केलंस."

"हो."

"हिने करू दिलं?"

"झोपली होती."

"शहाणी आहे गं माझी बाय," असं ती बाळाला म्हणायची आणि पुढचे टाके घालायला घ्यायची. दुसऱ्या दिवशी मी तेही उसवायचे.

आठवडाभर असं चाललं. मग एका दुपारी ती आली आणि गोधडीपाशी बसलीच नाही. बाळाला मांडीवर घेऊन ओट्यावर बसली. "डोळे चुरचुरतात," म्हणाली. "तूच पुरी कर. तुझा हात आता बसलाय." मला तेव्हा सुटल्यासारखं झालं. हे लिहिताना लाज वाटते, पण झालं ते तसंच.

सासरी गेले तेव्हा सासूने गोधडी घेतली आणि पहिल्यांदा उलटी केली. पडद्याच्या निळ्या बाजूकडे बराच वेळ बघत राहिली. मी बाळाचं टोपडं नीट करत उभी होते. शेवटी म्हणाली, "विहीणबाईंचा हात म्हणजे हात आहे." मी टोपड्याची नाडी सोडून परत बांधली.

त्यानंतर मी पुष्कळ गोधड्या शिवल्या. नणंदेच्या मुलाला एक, नवऱ्याला एक, दिराच्या लग्नात एक. मुलगी आधी गोधडीवर निजायची, मग रांगत येऊन दोरा तोंडात घालायची, मग काठावर बसून कापडाचे तुकडे पसरायची. तिला उचलायला उठताना माझी सुई अंबाड्यात जायची. आईसाठी एक शिवायची होती. मुलगी थोडी मोठी झाली की शिवू, असं दर वर्षी म्हणत होते.

मुलगी दोन वर्षांची झाली तेव्हा आई आमच्याकडे आली होती. येताना चिकू आणले होते, पिकायला पेंढ्यात ठेवा म्हणाली. सासूने तिला बसायला तीच गोधडी अंथरली.

"बसा विहीणबाई, तुमचीच आहे. रोज वापरत नाही मी, पाहुणा आला की काढते. दृष्ट लागेल तुमच्या हाताला. मशीन मारल्यासारखा टाका."

आई बसली. बोलता बोलता तिचा अंगठा काठावरून फिरायला लागला. थोडा आत गेला आणि थांबला.

"पोरीचा हात आहे हा," ती म्हणाली. "सगळी तिनेच शिवली. माझं आता कुठे काय चालतं?"

"जा, काहीतरीच. लेकीची बाजू घेता."

"खरं सांगते," आई म्हणाली आणि हसली. माझ्याकडे तिने बघितलं नाही. मी चहाचं भांडं घेऊन चुलीपाशी गेले आणि गाळलेला चहा परत गाळला.

तिला सोडायला मी रस्त्यापर्यंत गेले. मुलगी कडेवर होती. आज सांगायचं, असं मी ठरवलं होतं. रिक्षा लांबून दिसली तेव्हा मी म्हटलं, "आई, ती गोधडी..." आई म्हणाली, "छान झाली बाय. एकसारखी झाली." मग रिक्षा आली, आत चार माणसं आधीच होती, तिने मुलीच्या गालाला हात लावला आणि ती चढली.

पुढच्या पावसाळ्यात तिला कावीळ झाली. मी पोचले तेव्हा ती बोलत नव्हती. दोन दिवसांनी गेली.

आमच्याकडे गेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. तिची स्वतःची गोधडी, तिच्या चांगल्या डोळ्यांनी शिवलेली, भावाने तिच्याबरोबर नेली आणि स्मशानाच्या कडेला ठेवून आला. साड्या बायकांनी एकेक नेल्या. सासरी आल्यावर मी मुलीची पहिली दुपटी-गोधडी शोधली. तीही आईनेच शिवली होती. पण ती फाटून तिची फडकी झाली होती, आणि चुलीवरची भांडी उतरवता उतरवता ती फडकीही गेली होती. आईच्या हातचा एक टाका माझ्या घरात राहिला नव्हता. एकाच गोधडीत राहिला असता, तो मीच काढला होता.

मुलगी चार वर्षांची झाली त्या हिवाळ्यात आमच्याकडे जमीन हलायला लागली. आधी भांडी वाजायची, मग भिंतीला चिरा पडल्या. पाड्यावरची सगळी माणसं घराबाहेर अंगणात झोपायला लागली. घरात होत्या नव्हत्या तेवढ्या गोधड्या बाहेर आल्या, सासूची पाहुण्यांसाठीची सुद्धा. सकाळी त्या दवाने जड व्हायच्या. मी त्या कुंपणावर वाळत घालायचे.

अशाच एका सकाळी मुलगी सासूच्या गोधडीच्या उलट्या बाजूला नाक लावून उभी होती.

"आई, इथे मुंग्यांची वाट आहे."

मी जाऊन बघितलं. माझ्या टाक्यांच्या बाजूबाजूने निळ्या कापडावर बारीक भोकं होती. लांब लांब, तिरपी, खाली उतरलेली, परत वर चढलेली. पोत्याच्या सुईची भोकं. त्या घट्ट कापडात ती बुजली नव्हती. चार वर्षं मी ती गोधडी धूत होते, घडी करत होते, आणि मला ती दिसली नव्हती.

सासू मागून आली. "ती पहिल्या दिवसापासून आहेत. मी तेव्हाच बघितली. म्हटलं, विहिणीने एकदा शिवली, मनाला आली नाही, उसवली आणि परत शिवली. माझ्यासाठी एवढं कोण करतं?"

"आईने नाही उसवली," मी म्हटलं. "मी उसवली."

"का गं?"

"कोंबडीचा पाय अडकला असता."

तिला काही कळलं नाही. मग मी तिला शेजारच्या सुनेची गोष्ट सांगितली.

"मी असं म्हटलं होतं?" सासूने विचारलं. तिला आठवत नव्हतं. ती तिथेच खाली बसली, पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "आली असती तशी तरी मी पांघरलीच असती गं, पोरी."

दुपारी मी गोधडी ओट्यावर घेतली, पोत्याची सुई काढली आणि दोरा ओवला. मुलगी बघत बसली. मी आईच्या भोकांतून दोरा न्यायला लागले. माझा हात बारीक टाक्याला सरावलेला, तो मधेच पुन्हा पुन्हा टोचायला बघायचा. त्याला थांबवावं लागत होतं. आई किती हळू शिवत असेल ते तेव्हा कळलं. एका जागी तीन-चार भोकं अगदी जवळ होती. तिथे तिने सुई आत घालून परत काढली असणार, जागा चाचपत.

कोपरापासून बोटांपर्यंतच्या हाताएवढी ओळ झाली. पुढे कापड धुऊन धुऊन विरलं होतं. मी उजेडात धरून बघितलं, मग डोळे मिटून अंगठा फिरवून बघितला. पुढचं भोक काही सापडलं नाही. तिथे मी गाठ मारली नाही. दोरा तसाच लोंबता ठेवला आणि मुलीला घ्यायला उठताना सुई अंबाड्यात खोचली.