मे महिन्यातलं लंडन

आलापल्लीच्या डाकबंगल्यातला खानसामा एका साहेबासोबत वर्षभर लंडनले राहून आला होता. बाजारात भाजी घेता घेता तो कोणालेही सांगे, "जासान तं मे महिन्यात जा. बागा फुलून राह्यतात. दिवाळीनंतर नोका जाऊ, धुक्यात आपला हात दिसत नाई. अन् ऊन असलं तरी छत्री घ्या."

लोक हसत. "भाऊ, आमी अजून जिल्ह्याचा चांदा नाई पाह्यला!"

माझी बायको तेवढी हसत नसे. "पायात काय घालू जी?" ती विचारे.

"लोकरीचे मोजे, बाई."

ती गेली. दहाव्याले नदीवर कावळा पिंडाले शिवेना. तिचं मन कशात अडकलं असेल म्हणून मी गाय सांभाळतो म्हटलं, लेकीचं माहेर राखतो म्हटलं. कावळा झाडावरच. तेव्हा खानसामा पुढे आला, साहेबासारखी टोपी काढली अन् पिंडाले म्हणाला, "बाई, मे महिन्यात नेतो."

कोणी हसलं नाही. कावळाही आला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाले लावला.

आता तो मुकाट भाजी घेतो. मीच एकदा विचारलं, "भाऊ, मे महिन्यात तिथं काय राह्यते?"

"काई नाई जी," तो म्हणाला. "तिथंही काई नाई."