नजर वर, चेहरा हसरा

आमच्या कॉलेजच्या स्पोर्ट्स हॉलला लागून माझी फिजिओची खोली आहे. मस्कतच्या उन्हात एसी आणि बर्फ दोन्ही फुकट मिळणारी जागा म्हटल्यावर तिथे गर्दी असायचीच. आणि एक सांगते, दुखऱ्या मनगटावर बर्फ धरून बसलेला मुलगा गप्प बसूच शकत नाही! त्यामुळे किस्से मला कधी शोधावे लागत नाहीत.

त्यातले सगळ्यात भारी आमच्या चीअरलीडर्सचे. चौघांनी एकाला हातांवर उभं करायचं, उडवायचं, झेलायचं, आणि वर घोषणाही द्यायच्या. इथे ही टीम फक्त मुलांची, म्हणजे वर चढणाराही मुलगाच. मीही आधी ‘हॅ, यात काय एवढं!’ म्हणणाऱ्यांतली होते.

*

सिलेक्शनच्या दिवशी अर्धं कॉलेज लोटलं होतं. कोच रोएल फिलिपिनो, चणीने छोटा, आवाज मात्र स्पीकरसारखा. त्याने प्रत्येकाला कूलरचा पाण्याने भरलेला जार दिला. हात ताठ करून तो डोक्यावर धरायचा, हसायचं आणि कॉलेजचं नाव ओरडायचं.

सलीम नावाचा एक ओमानी मुलगा आला. दंड माझ्या मांडीएवढे! जार एका झटक्यात वर, पण चेहरा दाढ काढायला बसल्यासारखा. “स्माइल, सलीम, स्माइल!” कोच ओरडतोय.

सलीमने शांतपणे जार खाली ठेवला. “कोच, काय ते एक सांगा. उचलू की हसू?”

*

निवड झालेल्यांत आपला ओंकार होता. बारावीपर्यंत आजी-आजोबांकडे ठाण्यात, मग आई-बाबांकडे इथे. दहीहंडीच्या पथकात खालच्या थरात उभा राहिलेला गडी. कॉलेजात मॅडम म्हण, असं कितीदा सांगितलं तरी मला काकूच म्हणायचा.

एक दिवस त्याच्या बाबांचा बौशरच्या ऑफिसातून फोन. “मॅडम, हे नाचायचं काय खूळ? खांदा कमजोर आहे, एवढं लिहून द्या ना!”

“साहेब, त्या खांद्यावर तुम्ही, मी आणि तुमची गाडी मावेल. काय लिहू? त्यापेक्षा एकदा बघायला या.”

“इन्शाल्ला,” ते म्हणाले. इकडे त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘नाही’ असा असतो!

*

आणि पहिल्याच आठवड्यात घात झाला. दहीहंडीत खालच्या थराने मान खाली घालायची, डोकं शेजाऱ्याच्या खांद्याला टेकवायचं. वर बघायचंच नाही! चीअरलीडिंगचा नियम नेमका उलटा. वर चढलेल्यावरून नजर क्षणभरही हलवायची नाही. सिजो, आमचा वर चढणारा काटकुळा मल्याळी मुलगा, ओंकारच्या हातांवर उभा राहिला आणि ओंकारने सवयीने मान खाली घातली. सिजो डुगडुगला, कोसळला. कोचने झेप घेतली म्हणून निभावलं.

सिजो मॅटवर बसून एवढंच म्हणाला, “भाई, मैं ऊपर था. तू नीचे क्या देख रहा था?”

त्यानंतर तो ओंकारच्या हातांवर चढेना. कोचने सांगून टाकलं, “सिजो चढेल तर तू टीममध्ये. नाहीतर खलास.” त्या दिवशी ओंकार माझ्याकडे आला तेव्हा त्याला बर्फ नको होता. स्वतःची हनुवटी हाताने वर करून बघत बसला.

*

मग पठ्ठ्याने नजरेचा सराव सुरू केला. अल मवालेहच्या भाजीबाजारात कलिंगडांचा ट्रक उतरत होता. वरून एक जण फेकतोय, खालचा झेलतोय. हा शिरला मध्ये! त्याची आई दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली, कपाळाला हात लावून, “अहो, एक कलिंगड आणायला पाठवला होता. आख्खा ट्रक उतरवून आला!”

*

सिजोही काही कमी नव्हता. कुठेही, न सांगता, ओंकारसमोर पाठ करून धाडकन मागे पडायचा. कॉरिडॉरमध्ये, पार्किंगमध्ये. झेलतो का बघायला!

एकदा कॅन्टीनमध्ये ओंकारच्या हातात चहाचा ट्रे होता. सिजो पडला. चहा गेला, कप गेले, कोचची पांढरी पँट गेली. सिजो मात्र अलगद ओंकारच्या हातांत.

तो आडव्याचा आडवाच म्हणाला, “ठीक है. कल चढ़ूँगा.”

*

स्पोर्ट्स डेला ओंकारचे बाबा आले. “हिला सोडायला आलोय,” बायकोकडे बोट दाखवून म्हणाले आणि पहिल्या रांगेत बसले.

सिजो उंच गेला, हवेत गिरकी घेऊन खाली येऊ लागला आणि त्याची टाच सणकन ओंकारच्या नाकावर बसली. रक्ताची धार लागली. बाबा ताडकन उठले. पण ओंकारची नजर हलली नाही, हातही हलले नाहीत. ओठांवरून रक्त ओघळतंय आणि पोरगा हसतोय! सिजोला झेलून त्याने पायांवर उभं केलं, कॉलेजचं नाव ओरडला, मगच नाकाला हात लावला. मी इतकी वर्षं खेळाडू बघतेय, पण त्या दिवशी माझे हात आपोआप जोडले गेले.

मी बर्फ घेऊन धावले, तर बाबा माझ्याआधी पोचलेले. स्वतःचा रुमाल पोराच्या नाकावर दाबून धरलेला.

“खूप लागलं का रे?”

ओंकार अजून सिजोकडेच बघत होता.

“नाही बाबा. अगदी अलगद उतरला तो.”