व्याह्यांनी अडवलेला चौक

दादाने नागपुरात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि आमच्या घरी सुखाने संत्रं खाणं अवघड झालं. बिया ताटात रांगेने मांडून तो वाहतूक शिकवायचा. एक बी थांबली की मागची थांबते, मग तिच्या मागची. गाड्या पुढे जातात, खोळंबा मात्र मागे मागे सरकतो. "प्रत्येक गाडी म्हणजे एक कण. त्याले फक्त पुढचा कण दिसते." आई म्हणायची, "बिया उचल अन् ताट धू."

त्याच सुमारास, ऐंशीच्या दशकात, छिंदवाड्याला शिक्षिकेच्या नोकरीसाठी माझी मुलाखत होती. नोकरी नाही मिळाली तर लगेच माझे हात पिवळे करायचे, हे घरात ठरलेलं. मला लग्नाची मुळीच घाई नव्हती. छिंदवाड्याची बस धरायला दादाने आमच्या बोरगावहून मला डबलसीट सौंसरला आणलं, तर चौकाच्या अलीकडेच आम्ही अडकलो. संत्र्यांचे ट्रक, कापसाच्या बैलगाड्या, सगळं ठप्प. पलीकडे माझी बसही अडकलेली. मला रडू फुटलं.

"काहून रडून राहिली? खोळंब्याचं कारण कवाच निंगून गेलं असन."

कारण चौकातच उभं होतं. समोरासमोर दोन बैलगाड्या, त्यांवर दोन म्हातारे व्याही. व्याह्याच्या आधी आपली गाडी काढायची म्हणजे त्याचा अपमान.

"तुमी निंगा जी आधी."

"नाई जी, पयले तुमी."

दादाचं तोंड पाहण्यासारखं झालं. त्याच्या कणांना सोयरेधायरे नव्हते.

मी उतरून बसकडे धावले. तेवढ्यात ट्रकवाल्यांच्या शिव्यांना कंटाळून एका व्याह्याने कासरा ओढला. आता चौक मोकळा होणार आणि मी पोचायच्या आधी बस सुटणार! मागून दादाचा आवाज आला, "राम राम, काकाजी!"

"कोनाचा पोरगा तू? लगन झालं का?"

लग्नाचा विषय निघाला की दादा मागच्या दाराने पळायचा. त्या दिवशी तो बैलांपुढे ठाण मांडून उभा राहिला आणि गाव, कूळ, मामाचं गाव, शिक्षण, सगळं सवडीने सांगत बसला. भोंगे वाजत होते, तो ढिम्म.

बसमध्ये चढून मी खिडकीतून हात हलवला, तेव्हा कुठे तो बाजूला झाला. बस त्याच्याजवळून जाताना तो ऐटीत ओरडला, "पाय, सुटला का नाई खोळंबा!"

मी खूप हसले. मग घाट लागेपर्यंत रडत होते.