वेशीतून आत

सुरुवातीलाच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ हमखास चुकतं आणि अक्षर म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं. पण मस्कतला आमच्या शेजारी राहणाऱ्या नागपूरच्या वहिनींनी निघताना बजावलं होतं, "सुट्टीत काय काय पाहिलं ते लिहून आणा. तोंडानं तुम्ही काही सांगायच्या नाहीत." ते खरंच आहे. चार माणसांत माझं तोंड उघडत नाही. म्हणून मुलीच्या जुन्या वहीच्या उरलेल्या पानांवर लिहिते आहे. वहिनींशिवाय कोणी वाचू नये.

आम्हाला मस्कतला जाऊन सहा वर्षं झाली. हे वेल्डर. ठिणग्यांच्या उजेडानं यांचे डोळे अधू झाले, त्यामुळे तिथं गाडीच्या परवान्याला गेले तेव्हा डोळ्यांच्या तपासणीतूनच परत आले. मुलांची शाळा लांब. शेवटी मी शिकले. तीनदा नापास झाले, चौथ्यांदा पास. गावी पत्रात मात्र यांनी एवढंच कळवलं की गाडी घेतली. कोण चालवतं ते लिहिलं नाही, डोळ्यांचंही लिहिलं नाही. घरातला धाकटा मुलगा परदेशात कमावतो आणि त्याला नीट दिसत नाही, हे गावात समजू नये असं यांना वाटायचं. म्हणून या वेळी बेळगावात ड्रायव्हरसकट भाड्याची अँबॅसिडर ठरवली. ड्रायव्हर असला की कोणी काही विचारत नाही.

उचगावला माझ्या आक्काकडे दोन दिवस राहिलो. मग खडेबाजारात सासूबाईंसाठी लुगडं आणि घरच्यांसाठी कुंदा (दूध आटवून केलेली मिठाई) घेतला आणि सकाळीच निपाणीच्या रस्त्याला लागलो. थंडीचे दिवस. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच तंबाखूची रुंद पानं, पुढं वडाची झाडं. आमच्या बाळूचा जन्म मस्कतचा. तिथं प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी पाण्याची नळी असते. तो काचेला नाक लावून म्हणाला, "एवढ्या झाडांना पाणी कोण घालतं?"

ड्रायव्हर मारुतीमामा हसले. "द्याव घालतोय, बाळ. आणि बिल बी धाडत न्हाय."

संकेश्वर मागं टाकलं आणि चाक पंक्चर झालं. मामांनी दुसरं चाक एकट्यानंच उचललं आणि तिथंच वाकून बसले. कमरेत उसण भरली होती. यांनी आणि मी मिळून चाक बसवलं, मामांना मागच्या सीटवर आडवं केलं. आता गाडी चालवणार कोण? हे माझ्याकडं बघायला लागले. निघताना इकडं चालेल असा माझा परवाना यांनीच करवून घेतला होता, असू दे जवळ म्हणून.

मी सवयीनं डाव्या दाराशी गेले. मस्कतला स्टिअरिंगचं चाक डावीकडं असतं. परत फिरून उजवीकडं आले तेव्हा मामा कण्हत म्हणाले, "वैनी, तुमी? साहेब, मला हितंच उतरवा. आमची लेकरं ल्हान हाईत."

"मामा, माझी पण लहान आहेत," मी म्हणाले. अनोळखी पुरुषाला मी असं उत्तर दिलं याचं मलाच नवल वाटलं.

गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या चाकालाच. दोनदा गाडी बंद पडली. ट्रक समोरून आला की हात आपोआप गाडी उजवीकडं न्यायचे. मुलगी शेजारून ओरडायची, "आई, डावीकडं!" तवंदी घाटाचा उतार लागला. मागून मामा आधी देवाचं नाव घेत होते, मग सूचना द्यायला लागले, "ब्रेक दाबून धरू नगा, गिअरवर सोडा." खाली निपाणी दिसायला लागली तेव्हा म्हणाले, "वैनी, आमच्या पोरापरास बरी चालिवता की वो."

निपाणीत वखारींतल्या तंबाखूचा खाट (झणझणीत वास) नाकात गेला आणि मुलं शिंकून बेजार झाली. मला मात्र तो वास फार बरा वाटला. मामांना त्यांच्या बहिणीच्या घरी पोचवलं, चहा घेतला, परतताना त्यांना तिथूनच घ्यायचं ठरलं. आमचं गाव तिथून पुढं, सदलग्याच्या अलीकडं, नदीकाठी.

गाव जवळ आलं तसे हे चुळबुळ करायला लागले. "वेशीजवळ मी बसतो चाकावर. पारापासून घरापतोर शंभर पावलं तर हाईत."

"पारावर पोरं खेळत असतात," मी म्हणाले. मी चालवत गेले तर यांची मान खाली जाणार, आणि यांना चालवू दिलं तर कोणाचं तरी लेकरू चाकाखाली यायचं.

इथं एक सांगायला हवं. आमच्या गावात सुना वेशीत गाडीतून उतरतात. बैलगाडी असो की टांगा, उतरायचं, डोक्यावर पदर घ्यायचा आणि पारावरच्या वडीलधाऱ्यांसमोरून खाली बघत चालत जायचं. सामान गाडीतून पुढं जातं. गावाबाहेर जातानाही तसंच, वेशीपर्यंत चालत. लग्न झाल्यापासून मी तेच करत आले.

वेस आली. मी गाडी थांबवली, उतरले, पदर घेतला आणि खाली मान घालून चालायला लागले.

दहा-बारा पावलं गेले तरी मागून गाडीचा आवाज येईना. वळून बघितलं. गाडी वेशीतच उभी, चाकामागची जागा रिकामी, आणि मागून उसाच्या दोन बैलगाड्या येऊन अडकलेल्या. तेव्हा मला कळलं की गाडी मीच चालवत होते.

पारावर माझे चुलत सासरे आप्पा बसले होते. सगळं गाव त्यांच्या जिभेला भितं. ते म्हणाले, "का रं, डायवर कुठं पळाला?"

हे गाडीतून उतरले. मला वाटलं, आता चाकावर बसतील. पण हे पारासमोर आले आणि मोठ्यानं म्हणाले, "आप्पा, डायवर पळाला न्हाय. ही काय, पदर घिऊन तुमच्या म्होरं हुबी हाय. वेल्डिंगनं माझं डोळं गेल्यागत झाल्यात. मस्कतात बी हीच चालिवती. आज तवंदी घाट हिनंच उतरिवला."

एवढं यांच्या तोंडून सरळ निघालं, आणि मला जमीन दुभंगावी असं वाटत होतं.

आप्पांनी माझ्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं. "मग ही चालत का निघाली? गाडीला बैल जुंपायचं व्हय?"

सगळा पार हसला. आप्पा हसले नाहीत. "जा गं पोरी, बस जा. उसाच्या गाड्या खोळंबल्यात. आणि हारन वाजवत जा, पोरं बाजूला हुतील."

मी जाऊन बसले. गाडी एका दमात सुरू झाली. वेशीतून आत शिरले, पारासमोरून हॉर्न वाजवत घरापर्यंत नेली. मुलं खिडकीतून सगळ्यांना हात करत होती. यांची मान खाली गेली नव्हती. घराशी उतरल्यावर मोठ्या दिरांनी यांच्या खांद्यावर हात ठेवून आधी डोळ्यांचंच विचारलं.

चार दिवसांनी परत निघालो तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मी बी निपाणीपतोर येतो, तिथनं एसटीनं माघारी फिरतो." त्यांना पुढं माझ्या शेजारी बसवलं. या बाईनं लग्न होऊन आल्यापासून एकदाही तो पार गाडीत बसून ओलांडला नव्हता. मी इतकी वर्षं देश ओलांडले, विमानात बसले, पण खरा लांबचा प्रवास वेशीपासून पारापर्यंतचाच होता, असं मला वाटतं.

पार दिसताच त्यांचा हात दाराच्या कडीकडं गेला. मी पाय ब्रेकवर ठेवला.

"थांबू का?"

त्यांनी हात मागं घेतला, पदर सारखा केला आणि ताठ बसल्या.

"थांबू नगं," त्या म्हणाल्या. "पर जरा सावकाश घे की गं. बघू दे समद्यांनी."