सिक लाइनवरचा कोंबडा

माझ्या मामेसासऱ्यांनी आयुष्यात एकाही वस्तूवर डोळ्यांनी विश्वास ठेवलेला नाही. डोळे त्यांच्या मते फक्त ठेच लागू नये एवढ्यापुरते दिलेले आहेत, खरं काय ते कानालाच कळतं. रेल्वेत त्यांचं काम गाड्यांची चाकं तपासण्याचं. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन रुळांच्या कडेनं चालायचं, एकेका चाकाला एकेक टोला द्यायचा आणि ऐकायचं. चाक खणखणीत वाजलं तर गाडी फिट. बद्द वाजलं तर कुठंतरी चीर आहे, डबा काढा. नोकरी संपली, हातोडी परत गेली, पण टोले काही थांबले नाहीत. हातोडीच्या जागी चहाचा चमचा आला एवढंच. सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी तो कायम असतो. कलिंगडवाला मामांना लांबून बघितलं की गाड्यावर कापड ओढतो, कारण मामा घेतात एक आणि वाजवतात सगळी. मला बघायला आले तेव्हा बाकीचे माझ्याकडे बघत होते आणि मामा आमच्या तांब्याच्या घागरीला चमचा मारून डोळे मिटून बसले होते. बराच वेळ. मग म्हणाले, "पसंत हाय." घागर की मी, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

रेल्वेत बिघडलेल्या डब्यावर खडूनं 'सिक' असं लिहितात आणि त्याला बाजूच्या रुळावर नेऊन उभा करतात. त्या रुळाला सिक लाइन म्हणतात. सोलापुरातल्या आमच्या घराच्या परसात न्हाणीघराच्या भिंतीपासून शेवग्याच्या झाडापर्यंतची जागा म्हणजे मामांची सिक लाइन. तिथं एक गळका बंब, एक अर्धांगवायू झालेली छत्री, ह्यांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, जुनी स्कूटर आणि दोन मिक्सर आपापल्या खडूच्या अक्षरांसकट दुरुस्तीची वाट बघत उभे असतात. वस्तू दुरुस्त झाली की मामा ओल्या फडक्यानं 'सिक' पुसतात आणि आतल्या आत खूश होतात. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मला सणकून ताप आला, तेव्हा मामांनी माझ्या कॉटच्या पायावर 'सिक' लिहिलं. तीन दिवस घरात मला कुणी कामाला हात लावू दिला नाही. त्या दिवसापासून मी त्यांच्या पार्टीत आहे.

पण खडू हातात असणं वेगळं आणि तो खरा चालवणं वेगळं. मामांनी उभ्या नोकरीत एक खोटी सही केली नाही, ही आमच्या घराण्याची एकमेव इस्टेट. एकदा म्हणे एका जंक्शनवर एक्सप्रेस उभी, माणसं खोळंबलेली, साहेब डोक्यावर उभे, आणि मामांचं एकच, "आवाज बद्द हाय. मी सही करणार न्हाय." शेवटी डबा काढला. वर्कशॉपात चाक साफ केलं तर केसाएवढी चीर निघाली. साहेबांनी शाबासकी दिली का, असं मी विचारलं तर म्हणाले, "शाबासकी कशाची? चीर चाकाला होती, मला न्हवती."

अशा माणसाच्या शेजारी अव्वा राहते. तेलुगू विणकराचं घर, मुलाचे चार पॉवरलूम. दिवसभर भिंतीपलीकडून मागाची खटखट इतकी एकसारखी येत असते, की ती बंद पडली तरच कुणीतरी बोलल्यासारखं वाटतं. अव्वा म्हणजे तेलुगूत आजी, पण ही सगळ्या गल्लीची आहे. तिला अरे-तुरे करायला कुणाची हरकत नाही आणि तिलाही कुणाला करायला नाही. फक्त मामांना ती 'तुमी' म्हणते. तिची लेक बरीच वर्षं मूल होत नाही म्हणून झुरत होती. दिवस गेले तेव्हा अव्वानं मरीआईला बोलून टाकलं, लेक सुखरूप सुटली तर आखाडात कोंबडा देईन. त्याच आठवड्यात तिनं एक तांबूस पिल्लू आणलं. लेक सुखरूप सुटली, नात झाली, आणि पिल्लाचा चांगला तुरेबाज कोंबडा झाला. मधली भिंत बुटकी, त्यामुळे दाणे तो अव्वाकडे खायचा आणि आरवायला आमच्या बंबावर यायचा.

आखाडाला दीड महिना असताना तो आरवायचा थांबला. ऐन उन्हाळा. दुपारी रस्ता इतका तापायचा की कुत्रीसुद्धा गटाराच्या कडेकडेनं जायची. कोंबडा भिंतीच्या सावलीत पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून बसलेला. मान लांब करायचा, तोंड उघडायचा, आवाज नाही. गल्ली जमली. एक म्हणाला मानमोडी आहे, गाडून टाका. दुसरीनं मीठमोहऱ्या ओवाळल्या. ह्यांनी मोबाईलवर एक व्हिडिओ लावला, त्यातला कोंबडा बघून आमचा आणखीच घाबरला. अव्वा पायरीवर डोक्याला हात लावून बसली होती. देवीला बोललेला जीव मधेच गेला तर आता काय करायचं, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

मामा दुपारची झोप मोडून उठले, कोंबडा मांडीवर घेतला आणि सगळ्यांना बोटानं गप्प केलं. मग चमचा निघाला. छातीवर एक टोला, इतका हळू की पिसं हलली नाहीत. कान लावला. पाठीवर एक. पुन्हा कान. मागाची खटखट चालू होती, शेवग्याची बारीक पानं खाली पडत होती, आणि मामा डोळे मिटून बसले होते ते बसलेच. मला वाटलं झोपले. कोंबडाही मला वाटतं झोपला होता. त्या दोघांकडे बघता बघता भोवतीच्या माणसांचेही डोळे जड व्हायला लागले. एकजण तर भिंतीला टेकून घोरूच लागला. मग मामांनी गळ्याखालची दाण्याची पिशवी चिमटीत धरून बघितली आणि म्हणाले, "छाती मोकळी वाजतीय. इंजन चांगलं हाय. हितं माल अडकलाय. सूत खाल्लंय ह्यानं."

सूत. अव्वाच्या मुलाच्या कारखान्यातला सुताचा गुंता भिंतीशी टाकतात, त्यात दाणे टिपता टिपता ह्यानं धागे गिळले होते. मामांनी त्याला सिक लाइनवर टोपलीखाली घेतलं, भिंतीवर 'सिक' लिहिलं, आणि कोमट पाण्यात थेंबभर तेल घालून पाजणं, पिशवी बोटांनी हलकेच चोळणं, दाणा बंद, असे सोपस्कार दोन दिवस चालले. तिसऱ्या दिवशी चोचीतून लाल धाग्याचं टोक बाहेर आलं. मी ओढायला गेले तर मामांनी हातावर चापट मारली. "चाकात साडी गुंतली तर ओढत्यात व्हय?" सरळ जनावरांच्या दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. मामांनी गळ्यापासून शेपटीपर्यंत तपासणीचा अहवाल दिला तो त्यांनी पेन थांबवून ऐकला, मग म्हणाल्या, "काका, निदान तुम्हीच केलंय, मी नुसती कापते." पिशवीला छोटासा छेद देऊन त्यांनी सुताचा गोळा काढला. लाल, हिरवा, पांढरा. धुऊन उलगडला असता तर एका टॉवेलची किनार झाली असती. तो अव्वानं बोटांत चोळून बघितला. "आमच्याच घरचं सूत," म्हणाली.

पुढचे दिवस आमचं घर म्हणजे कोंबड्याचं माहेर होतं. दहीभात मऊ कालवून. टाक्यांना हळद. कूलरचं तोंड माझ्याकडून वळून टोपलीकडे गेलं. दुपारभर मामा त्याला मांडीवर घेऊन त्याच्या छातीवर तळहात ठेवून बसायचे. मी भांडी घासता घासता विचारलं, "मामा, एवढं करताय, पण बरा झाला की हा मरीआईला जाणार. माहीत आहे ना?" मामा म्हणाले, "गाडी कुटं जाणार हाय ते बघून चाक तपासत न्हाईत, सूनबाई." उत्तर अगदी त्यांचंच होतं. पण मामा काही शाकाहारी नव्हेत. आमच्याकडे रविवारी कोंबडीचा रस्सा ठरलेला. त्या रविवारी त्यांनी फोडी बाजूला सारल्या आणि नुसता रस्सा भाकरीशी खाल्ला. दाढ दुखते म्हणाले. पुढच्या रविवारीही दाढच.

त्याच दिवसांत मला आणखी एक गोष्ट कळली. मामा नव्या माठाला चमचा मारायचे आणि हळूच माझ्या तोंडाकडे बघायचे. "कसा वाटतोय? मला जरा सर्दी हाय." सर्दी महिनाभर कुणाला असते? जरा कमी ऐकू येतं म्हणून कानाचं मशीन ह्यांनी कधीच आणून दिलं होतं, ते डबीत पडून. "ते समदंच ऐकवतंय, निवडून देत न्हाय," असं त्यांचं म्हणणं. माणूस जन्मभर ज्याच्या जिवावर जगला ते त्याच्याकडून गुपचूप काढून घेतलं जात होतं आणि तो कुणाला सांगत नव्हता. मला फार वाईट वाटलं. मीही सांगितलं नाही. माठ वाजवायचे ते आणि मान डोलवायची मी, असं आमचं ठरल्यासारखं झालं. छातीवर तळहात ठेवून ते का बसतात तेही मग उमगलं. कोंबडा कुरकुरला की ते त्यांना हातातून ऐकू येत होतं.

एका सकाळी तो आरवला. अर्धवट, घशातून, पण आरवला. मामांचा हात त्याच्यावरच होता. ते हसले आणि लगेच हसायचे थांबले, कारण आखाड लागायला चार दिवस होते.

आखाडातल्या पहिल्या गुरुवारी संध्याकाळी अव्वा आली. हातात हळदकुंकवाचं ताट, मागं लेक, लेकीच्या कडेवर नात. कोंबडा बंबावर उभा. तुरा लालभडक, पिसं तुकतुकीत, आंधळ्यानंही फिट म्हणावं असा. अव्वा म्हणाली, "मामा, तुमी बघून सांगा. देवीला खोट असलेलं चालत न्हाय. तुमी फिट म्हणला की उद्या नेते." मामांनी त्याला खाली घेतलं. चमचा काढला. एक टोला. कान लावला. दुसरा टोला. पुन्हा कान. मी दाराच्या चौकटीला धरून उभी. त्यांना टोल्याचा आवाजसुद्धा ऐकू येत नाही हे त्या परसात मला एकटीला माहीत होतं. पण ऐकायचं काय होतं त्यात? हाताला तर सगळं कळत होतं. तिसरा टोला मारून मामा उठले, कुणाकडेही न बघता म्हणाले, "बद्द हाय."

नेमका तेव्हाच कोंबडा आरवला. असा खणखणीत की पलीकडच्या मागावरच्या माणसानं डोकावून बघितलं. कुणी हसलं नाही. अव्वानं कोंबड्याकडे बघितलं, मग मामांकडे. मामा चमचा सदऱ्याला पुसत होते, पुसतच होते. अव्वानं पदर सावरला. "मामा म्हणले बद्द, तर बद्द," ती म्हणाली, आणि ताट घेऊन वळली. दुसऱ्या दिवशी पहाटेच तिनं मरीआईपुढं कोंबड्याऐवजी कोहळा फोडला.

बद्द म्हटलं त्या संध्याकाळी मामा जेवले नाहीत. मी ताट झाकून ठेवलं तर म्हणाले, "सूनबाई, आज खोटी सही झाली." मी म्हटलं, "टाके होतेच की, मामा." "टाके निघून पंधरा दिस झाले." मी झाकलेलं ताट उचलून फडताळात ठेवलं. सकाळी ते परसात गेले ते खाली मान घालूनच. भिंतीपलीकडून अव्वाचा आवाज आला, मुद्दाम मोठ्यानं, त्यांना ऐकू जाईल असा. "मामा, आजारी कोंबडा आज लई जोरात आरडला की." मामा थिजले. अव्वा भिंतीवर कोपर टेकून म्हणाली, "मी देवीला सांगितलंय. म्हटलं, आमच्या घरच्या सुतानं मारला असता, त्यांनी वाचवला. आता त्यांचा हाय. देवीपण लेकुरवाळी हाय, मामा. तिला कळतंय." मामांनी नुसते हात जोडले. कुणाला, अव्वाला की त्यापलीकडे, ते नीट दिसलं नाही. न्हाणीघराच्या भिंतीवरचं 'सिक' मात्र त्यांनी पुसलं नाही. दर आखाडात ते त्यावर पुन्हा खडू फिरवतात. न जाणो.

याला आता बरीच वर्षं झाली. कोंबडा म्हातारा झालाय. बंबावर उडी मारता येत नाही म्हणून मामांनी त्याला विटांच्या पायऱ्या करून दिल्यात. मामांचे कान पार गेले. दुपारी दोघं शेवग्याखाली बसतात, मागाची खटखट चालू असते, एकाला ती ऐकू येत नाही आणि दुसऱ्याला तिचं काही वाटत नाही. तळहात अजून छातीवर असतो, पण हातही आता थरथरतो. त्यातून काय येतं आणि काय निसटतं, कोण जाणे. म्हणून रोज सकाळी कोंबडा आरवून झाला की मामा स्वयंपाकघराच्या दारात येतात आणि विचारतात, "आज कसा वाजला?"

इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काढल्यावर मलाही आवाज कळायला लागलाय. सुरुवात बरी होते, मधे फाटतो, आणि शेवट तर येतच नाही. बद्द आहे. चांगला बद्द. मी पोळी तव्यावर तशीच सोडते, त्यांच्या कानाशी तोंड नेते आणि ओरडून सांगते, "खणखणीत, मामा."

मामा माझ्या तोंडाकडे बघतात. जरा जास्तच वेळ बघतात. मग मान हलवतात आणि परसाकडे वळता वळता म्हणतात, "सूनबाई म्हणली खणखणीत, तर खणखणीत."