कारखान्यावरचा व्याध

सायकलवरून बर्फ विकत मी स्वतःचा बर्फाचा कारखाना उभा केला. बंदरावर माझ्याशी भाव करायला भलेभले कचरतात. पण आईपुढे माझी किंमत कधी झाली नाही. मला शाळेतून काढून तिने थोरल्याला शिकवलं. तो आखातात गेला आणि तिकडचाच झाला.

तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायची, "थोरलो येवंदे, मगे बघूया."

थोरल्याने तिला फोनवर सांगितलं होतं, थंडीत तिन्हीसांज उलटली की पूर्वेला व्याध बघ, मीही इथून तोच बघतो. रात्रीच्या आभाळात त्याच्याइतका तेजस्वी तारा नाही, कारण तो त्यातल्या त्यात जवळ आहे. तरी त्याचा उजेड आपल्याकडे यायला साडेआठ वर्षं लागतात.

जेवण झालं की मी तिला हाताला धरून घरापुढच्या खळ्यात आणायचो. ती पूर्वेकडे हात जोडून थोरल्याची खुशाली विचारायची. पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं, तिला दिसतो तो कुंपणापलीकडच्या माझ्या कारखान्याच्या खांबावरचा दिवा. महिनाभर मी गप्प राहिलो.

मग एकदा ती म्हणाली, "बघ कसो लखलखता. नायतर तू. सदा कपाळार आठये."

माझं डोकं फिरलं.

"आये, ताऱ्याचो उजेड साडेआठ वर्षांत पोचता. तुझ्या झिलाक दहा झाली, तो अजून वाटेतच आसा. आणि तू हात जोडतस तो तारो न्हय. माझ्या कारखान्याचो दिवो तो. मी लावलेलो."

तिचे हात खाली आले. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. सौदा जिंकल्यावर वाटतं तसं.

ती म्हणाली, "मगे बंद कर तो. त्याच्या उजेडान माका तारो दिसणा नाय."

मी जाऊन दिवा बंद केला आणि तिच्या शेजारी येऊन उभा राहिलो. खांबाच्या वर खरा व्याध होता, मला स्वच्छ दिसत होता. तिची मान काळोखात इकडून तिकडे फिरत होती.

"खंय आसा रे?"

"सोद," मी म्हटलं.

आत चल असं ती म्हणेपर्यंत मी जागचा हललो नाही. ते म्हणायला तिने फार वेळ लावला.